मानीचे गुडघे, शकूचा घोटा

दिग्रस तालुका
१८ ऑगस्ट २०२४

मानी,

रामराम वं बाई. पोष्टाचं पत्र पाहून घाबरू नको, आमच्या घरी सारे खुशाल हायेत. त्या दिवशी तुहा फोन आला अन् मी "हो हो, लय छान झालं" म्हणलं. मंग आमची सून दिपाली म्हणते, "आई, त्यायनं विचारलं होतं का मामंजी पडले म्हणे, लागलं का त्यायले." म्हणून आता फोन बंद. पोरानं, अमरनं, कानाचं मशीन आणून देल्लं, पण फोन कानाले लावला का ते शिट्टी मारते. मोबाईलवर लिहाव तं साऱ्या घराले दिसते. त्यापेक्षा लग्न झाल्यावर आपण जसे पत्र लिहो, तसेच लिहू. आणखी एक सांगतो, मास्तरीणबाईचं शुद्धलेखन लावजो नको. जसं बोलतो तसं लिहाचं.

बाई, माह्या डाव्या घोट्यानं जीव नकोसा केला. सकाळी बाजेवरून पाय खाली ठेवला का पह्यले चार पावलं काचेवर चालल्यासारखे पडतेत. गुडघा तं वाळल्या तुरीच्या शेंगा फुटतेत तसा वाजते. आमच्या घरचे बुढे, अमरचे बाबा, म्हणतेत वय झालं. शेजारीण म्हणते वात हाय, वांगे सोड. अमर म्हणते वजन. मी मनात म्हणतो, उमरखेड.

आठवते का वं? आपण दहावीत होतो, पुसदच्या वसतिगृहात. उमरखेडले खो-खोचा सामना. तुनं माह्या पाठीवर थाप मारून "खो" देल्ला, मी उठली, वळली, अन् पाय मैदानातल्या खड्ड्यात. असा मुडपला का डोयासमोर काजवे. तू मले पाठीवर घेऊन एसटी स्टँडपर्यंत आणलं होतं, अन् साऱ्या रस्त्यानं शिव्या देऊन राह्यलती, "शके, एवढी जड कशी वं तू, मेसमधी तं पोया मोजूनच भेटतेत!" वार्डनबाईनं आंबेहळद लावली अन् दुखणं थांबाच्या आधीच मी परत पळाले लागली. त्या पायानं मंग लग्न केलं, पाणी भरलं, कापूस वेचला. त्याले कधी कोणी 'बस' म्हणलंच नाही.

एरंडाचं पान गरम करून बांधून झालं. निरगुडीचा शेक झाला. कोणाचं ऐकून बिब्बा लावला तं कातडी जळून फोड आले. आता तू सांग. उन्हाळ्यात माह्या पुतण्याच्या, संजयच्या लग्नात तू खुर्चीवरून उठलीच नाही. मले वाटलं, मानी मोठी झाली, मान घेऊन राह्यली. का तुहेही पाय?

तुही,
शकू

---

तांडा, पुसद तालुका
७ सप्टेंबर २०२४

शके,

जय सेवालाल! पत्र आलं तवा मी ओट्यावर बसली होती. बसलीच असते. पोष्टमन म्हणे, "मानीबाई, तुमचं पत्र, हातानं लिहिलेलं!" त्यालेच नवल वाटलं.

मान कायचा वं? गुडघे. दोन्ही. खाली बसली का उठता येत नाही, अन् उठली का बसता येत नाही. लग्नात जेवाच्या पंगतीत बसाव वाटत होतं, पण उठवाले चौघं लागले असते म्हणून खुर्चीवर बसून राह्यली.

आमचे मालक, तुहे फुलचंदभाऊ, जाऊन आता दोन वर्सं होतेत. ते होते तवा मी साऱ्या तांड्यात फिरो. कोणाचं लग्न जुळवाचं, कोणाचं भांडण मिटवाचं, मानीबाईले बोलवा. आता पोरगा राजकुमार म्हणते, "याडी, तू बस." सून शीला म्हणते, "तुमी बसा, मी करतो." पोरं वाईट नाहीत. माह्या चांगल्यासाठीच म्हणतेत. पण शके, दिवसभर माणसाले एकच शब्द ऐकू आला, 'बस', तं कसं वाटत असन?

यंदा तीजले पोट्ट्या गव्हाच्या कोंबाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाचल्या. तुले आठवते, दहावीच्या साली तू वसतिगृहातून सुट्टी काढून माह्या संगं आली होती तीजले? तुले गोरबोलीचा एक शब्द येत नव्हता तरी साऱ्याइच्या मांगं मांगं तोंड हलवत होती, अन् माही याडी म्हणे, ही कुणब्याची पोट्टी आपल्यापेक्षा चांगलं नाचते! याडीच्या पायात चांदीचे जाड वाळे होते. ते घालून ती बाजाराले पायी जाये अन् येये. आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलूख फिरले, अन् मी न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरतो.

यंदा मी खुर्चीवर बसून टाया वाजवल्या. माही नात नयन येऊन म्हणे, "आजी, तुम्हाले कधी नाचता येत होतं का?"

तू असती तं सांगतलं असतं तिले.

मानी

---

दिग्रस तालुका
९ ऑक्टोबर २०२४

मानी,

तुह्या नयनले म्हणा, तिची आजी नाचे तवा ढोलवाला थके.

माह्याकडचं सांगतो. दिपालीनं ऐकलं नाही, मले यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटो काढला, रक्त घेतलं. डॉक्टर म्हणजे तिशीतली पोट्टी, पण ओरडून ओरडून सारं विचारलं तिनं मले. सकाळी सांधे आखडतेत ते घडीभरात मोकळे होतेत का दुपारपर्यंत राह्यतेत? सुजून लाल होतेत का, गरम लागतेत का? बोटं दुखतेत का? ताप येते का? मी म्हणलं, बाई, दुखते पायात अन् तुमी हात कायले पाह्यता? ती म्हणे, गुडघा एका कारणानं दुखत नाही, आजी. कोणाले आमवात असते, कोणाच्या रक्तात युरिक अॅसिड वाढते, कोणाले मार लागला असते. ते पाह्यल्याबिगर औषध कसं देऊ?

माह्या रक्तात तसलं काही निघालं नाही. गुडघ्यात झीज हाय. अन् घोट्याले हात लावून ती म्हणे, "हा कधी मुरगळला होता का? आतले बंध तवापासूनच ढिले हायेत." मी म्हणलं, उमरखेड. तिले काही समजलं नाही, पण तिनं लिहून घेतलं!

आता औषध ऐक. बाजेवर बसाचं, पाय समोर सरळ करून थोडा वेळ तसाच धराचा, मंग हळूच खाली. भिंत धरून टाचा उचलाच्या. कापूस वेचाले वाकू नोका, उकिडवं बसू नोका म्हणते. पट्ट्याची चप्पल घाला, वजन उतरवा, गरम पाण्यानं शेका. दुखणं लयच झालं तं एक गोळी, पण रोज नाही, पोटाले अन् किडनीले त्रास होते. मी विचारलं, एवढंच? तं म्हणे, "मांडीत जोर आला का गुडघ्याचं ओझं मांडी उचलते. पण महिने लागतेत, आजी. कंटाळू नोका."

मांडीत जोर! मानी, आपल्या मांड्यांत जोर होता तवा कोणी सांगतलंच नाही का हा जपून ठेवा लागते. तुले आठवते, वसतिगृहाच्या गच्चीच्या पायऱ्या आपण दोन-दोन संगं चढो, अन् वरतून स्टँडवरच्या गाड्या पाहो? कोणती दिग्रसची, कोणती उमरखेडची, आवाजावरून ओळखो. आता मी एसटीची पायरी चढतो तं कंडक्टर हात देते.

करून राह्यली मी पाय सरळ-वाकडे. बुढे हसतेत. फरक म्हणशील तं मुंगीच्या पावलानं. तूही दाखव एखाद्या डॉक्टरले. भिंत धरून बसू नको.

शकू

---

तांडा
१२ नोव्हेंबर २०२४

शके! शके! शके!

तू मुंगीच्या पावलानं चाल, मी घोड्यावर बसली!

दसऱ्याच्या आधी बाजारात एक जण गाडी घेऊन आलता. भोंगा लावलेला, गाडीवर जडीबुटीचे फोटो. "गुडघा, घोटा, कंबर, मान, सात दिवसांत आराम, अंग्रेजी दवा नाही." मी म्हणलं पाहू. पुड्या देल्ल्या त्यानं, भुऱ्या रंगाच्या, सकाळ-सायंकाळ कोमट पाण्यात. शके, सात दिवस कायचे? तिसऱ्या दिवशी मी झोपेतून उठली अन् उठूनच गेली! खाली पाय ठेवला, दुखलंच नाही. पुन्हा ठेवून पाह्यला. मी तिथंच रडली वं.

आता मी साऱ्या तांड्यात फिरतो. दिवाळीले स्वतः ओटा सारवला, खाली बसून. बाजाराले पायी गेली. भूक अशी लागते का भाकर पुरत नाही. गाल भरले, तोंड पुन्हा गोल झालं, शीला म्हणे, "तुमी नवरीसारख्या दिसता." पाणी मातर लय पितो अन् रात्री दहादा उठा लागते, पण उठता येते हेच लय झालं. हाताले कुठी लागलं का निळं-काळं होते, ते वयानं असन.

अन् मी एकटी खाऊन बसणारी नोहे. तांड्यातल्या साऱ्या दुखणाऱ्या बायाले नेलं मी त्या गाडीपाशी. आमच्या धनीबाई, माह्या चुलत सासू, बाजेवरून हालत नव्हत्या. आता त्या नळावरून स्वतः पाणी आणतेत! साऱ्या म्हणतेत, मानीबाईनं पाय देल्ले. किती दिवसांनी कोणी माह्यं नाव असं घेतलं.

तुह्यासाठी पुड्या पाठवतो. माहा भाचा सेवादास कापूस घेऊन दिग्रसच्या जिनिंगमधी येऊन राह्यला, तो घरी आणून देईन. पाय सरळ-वाकडे करत बसू नको. घे, अन् मले लिही. होळीले तू इकडे ये. नयनले दाखवू, आजी कशा नाचतेत ते.

तुही,
पळणारी मानी

---

दिग्रस तालुका
५ डिसेंबर २०२४

मानी,

हे पत्र मन शांत ठेवून वाच. दोनदा वाच.

सेवादास पुड्या देऊन गेला. मी दिपालीले न सांगता घेतल्या. तू म्हणलं तसंच झालं. दोन दिवसांत दुखणं कुठी गेलं माहीत नाही. मी वावराच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत गेली, तिथं आंब्याचं झाड हाय. किती वर्सांनी त्याच्या खाली उभी राह्यली. मले वाटलं, मागचे सारे वर्सं कोणी पुसून टाकले. खोटं कायले सांगू, तुह्यावर लय माया आली.

मंग दवाखान्याची तारीख होती. डॉक्टरीण मले चालताना पाहून खुश झाली, म्हणे व्यायामाचा एवढा फरक? मले राहवलं नाही. मी म्हणलं, माह्या मैत्रिणीची जडीबुटी हाय. तिचं तोंडच उतरलं. "त्यायनं काय लिहिलं ते सांगा." तुहं पत्र माह्या पिशवीत होतं, मी वाचून दाखवलं. गाल भरले, भूक, पाणी, रात्री उठणं, निळे डाग. प्रत्येक शब्दाले ती मान हलवत होती.

मानी, त्या पुडीत बहुतेक स्टिरॉइड कालवलं हाय. ते मोठं औषध हाय, डॉक्टर देतेत तवा मोजून देतेत. त्यानं दुखणं दबते, बरं होत नाही. रोज घेतलं तं साखर वाढते, हाडं पोकळ होतेत. तुहं तोंड गोल झालं ते तब्येतीनं नाही वं, सूज हाय ती.

अन् आता सारं सोडून हे वाच. एकदम बंद करजो नको. अंगात जे आपोआप बनते ते या पुडीनं बंद पाडलं असते. घेणं अचानक सोडलं तं माणूस कोसळते. दवाखान्यात जा, पुड्या संगं ने, ते हळूहळू कमी करतेत. मी थोड्याच घेतल्या म्हणून मले काही झालं नाही.

दिपालीनं राजकुमारले फोनही केला. तो म्हणे, "याडी तं ठणठणीत हाय, आयुर्वेदिक हाय ते." म्हणून लिहून राह्यली. जा वं बाई.

शकू

---

तांडा
१३ डिसेंबर २०२४

शकुंतलाबाई,

पत्र भेटलं. तुमच्या सुनेचा फोनही आलता. साऱ्या घरात चर्चा झाली, धन्यवाद.

माही आजी जंगलातून मुळ्या आणून साऱ्या तांड्याले देये. तवा कोणी डिग्री विचारली नाही. यवतमाळच्या एका पोट्टीनं माह्यं तोंड न पाह्यता सांगतलं का ही सूज हाय, अन् तुमी मान डोलावली. तांड्यातल्या बाईले काय समजते, असंच ना? माह्या हातची भाकर एका ताटात खाल्ली तुमी. मले वाटलं होतं, तुमी तरी तसं म्हणणार नाही.

मी किती दिवसांनी चालली होती. तुमाले तेवढंही पाहवलं नाही.

घ्या. पुड्या साऱ्या चुलीत टाकल्या काल सकाळी. एक ठेवली नाही. आता मी पुन्हा खुर्चीवर बसतो. झालं समाधान?

मानीबाई

---

तांडा
१० जानेवारी २०२५

शके,

अक्षर वाकडं येते, पेन नीट धरता येत नाही. शीला म्हणे मी लिहून देतो, पण मी म्हणलं नाही.

दवाखान्यातून घरी आणलं मले. तू परत गेली ते आठवते. तू आली ते आठवत नाही. चुलीत पुड्या टाकल्या ते आठवते, त्याच्या दोन दिवसांनी लय मळमळलं ते आठवते, अन् मंग खाटेवरून वर छताच्या पत्र्याकडे पाहून राह्यली होती, पत्रा दूर दूर जाऊन राह्यला होता. पुढचं काहीच नाही.

घरचे नीट सांगत नाहीत. राजकुमारले विचारलं तं तो उठून बाहेर गेला. तू सांग. सारं सांग.

मानी

---

दिग्रस तालुका
१८ जानेवारी २०२५

मानी,

तुहं ते रागाचं पत्र माह्या हाती पडलं तवा मी तुरीच्या वावरात होती. 'शकुंतलाबाई' वाचून लय लागलं. मंग खालची ओळ वाचली, पुड्या चुलीत टाकल्या. मी वावरातूनच दिपालीले आवाज देल्ला. तिनं राजकुमारले फोन लावला. तो म्हणे, "याडीले पित्त झालं, उलट्या करून थकली, सकाळपासून झोपून हाय." मी म्हणलं दे मले फोन. मले काही ऐकू येत नव्हतं, पण मी नुसतं बोलत गेली. "राजा, ते पित्त नोहे. तिले आत्ताच उचल, दवाखान्यात ने, अन् डॉक्टरले पह्यले सांग का ती पुड्या घेत होती अन् तिनं सोडल्या." तो काय बोलला मले माहीत नाही. पण त्यानं उचललं. त्याले बोल लावू नको, तो बाहेर उठून गेला तो रडाले गेला असन.

तुनं पाठवलेल्या पुड्या माह्यापाशी उरल्या होत्या. त्या रुमालात बांधल्या अन् दिपाली अन् मी पुसदच्या गाडीत बसलो. साऱ्या रस्त्यानं मले एकच गोष्ट आठवत होती. आपण नववीत होतो तवा तुले ताप आला होता, अन् वार्डनबाईनं कोणाले जवळ जाऊ देल्लं नाही. मी खिडकीतून तुले बोरं फेकून मारत होती अन् तू आतून बिया फेकत होती. बिया येतेत म्हणजे मानी बरी हाय, असं मी साऱ्याइले सांगो.

दवाखान्यात आलो तवा तुह्या हाताले सलाईन होतं. बीपी लागत नव्हता म्हणे. तुहं तोंड पाहून मी क्षणभर ओळखलं नाही, एवढं सुजलं होतं. मी रुमाल सोडून डॉक्टरच्या हाती देल्ला. त्यायनं पुडी उघडून पाह्यली, तुह्या पोटावरचे जांभळे पट्टे पाह्यले अन् म्हणले, "घरच्यायनं आधीच सांगतलं म्हणून वेळेवर इंजेक्शन देता आलं." साखरही लय वाढलेली होती.

दुसऱ्या दिवशी तू डोये उघडले. माह्याकडे पाह्यलं अन् म्हणलं, "शके, जितलो का आपण?" मी म्हणलं, हो. कोणता सामना ते मी विचारलं नाही, तुनंही सांगतलं नाही.

आणखी एक. तुह्या आजीले मी नावं ठेवली नाहीत. तुह्या आजीनं मुळी जिथून उपटली ते तांड्याले माहीत होतं, साऱ्याइसमोर कुटली, अन् कोणाले सोसली नाही तं आजी त्याच तांड्यात होती. भोंगेवाल्याची गाडी आता कुठी हाय, सांग बरं.

मले तुहं चालणं पाहवत नव्हतं असं तू लिहिलं. मानी, पुडी घेऊन त्या आंब्याखाली मी उभी राह्यली होती तवा पह्यला विचार आला तो तुहा. का आता आपण दोघी मिळून कुठी तरी जाऊ.

गोळ्या वेळेवर घे. डॉक्टर म्हणतीन तवाच कमी कर. गुडघे पुन्हा दुखतीन, ते सांगूनच ठेवतो.

शकू

---

तांडा
२ मार्च २०२५

शके,

दुखून राह्यले. दोन्ही. पह्यल्यासारखेच, उलट जास्त. मी शब्द मांगं घेतो म्हणणार नाही, तुले माहीत हाय मले ते जमत नाही. पण तुहं पत्र उशीखाली हाय.

तुले एक गोष्ट सांगतो. दवाखान्यातून आली, थोडी बसाले लागली, अन् ओट्यावरून पाह्यलं तं धनीबाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन नळावरून येऊन राह्यल्या होत्या. तोंड गोल, चंद्रासारखं. भोंगेवाला तं दिवाळीनंतर आलाच नाही, जाताना तीन महिन्यांच्या पुड्या एकदमच देऊन गेलता. साऱ्याइपाशी पुड्या संपत आल्या असतीन. संपल्या का त्याही माह्यासारख्या पत्र्याकडे पाहतीन.

राजकुमार म्हणे, "याडी, तू बस, मी सांगून येतो." मी म्हणलं, तुह्या सांगण्यानं नाही ऐकणार. मी नेलं होतं त्यायले.

काठी घेतली अन् निघाली. शके, आमचा तांडा केवढासा, पण त्या दिवशी मले तो उमरखेडपर्यंत लांब वाटला. दर घरी थांबाचं, दम घ्याचा, तेच तेच सांगाचं. पुडी एकदम सोडू नोका, पण संगं चला. काही जणी ऐकल्या, काही जणी हसल्या. एकीनं दार लावून घेतलं. एक म्हणे, मानीबाईले आता दुसऱ्याचं चालणं पाहवत नाही. मले माह्यंच पत्र आठवलं, तुले लिहिलेलं. मी पुढच्या घरी गेली.

शेवटी धनीबाईकडे. त्यायनं सारं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "मानी, चार वर्सं मी बाजेवर होती. तुनं मले पाय देल्ले. आता तूच काढून नेतं का?"

मी त्यायच्या उंबऱ्यावरच बसली. म्हणलं, "हो काकी. मीच नेतो." मंग मी उठाले गेली तं उठताच येईना. काठी सरकली. धनीबाई समोर आल्या, दोन्ही हात देल्ले, मले वर ओढलं. माह्यं तोंड पाह्यलं. म्हणे, "एवढं दुखून राह्यलं अन् तू घरोघर फिरली?" अन् आत जाऊन साऱ्या पुड्या पदरात बांधून आणल्या.

राजकुमारनं जीप केली. धनीबाई पह्यले चढल्या, त्यायले पाहून बाकीच्या. ज्या बाईनं दार लावलं होतं ती जीप निघताना धावत आली. पुसदपर्यंत साऱ्या गाणे म्हणत गेल्या, जुने, लग्नातले. मले वाटलं शकू असती तं तोंड हलवत बसली असती. डॉक्टरनं एकीएकीले तपासलं, साखर पाह्यली, गोळ्या देल्ल्या, कशा कमी कराच्या ते समजावलं. दोघींले भरती करून घेतलं. आता त्याही घरी आल्या.

सायंकाळी आमच्या ओट्यावर साऱ्या खुर्च्या घेऊन बसतेत अन् तुह्या डॉक्टरणीचं पाय सरळ, पाय वाकडे करतेत. नयन मोजते. फरक म्हणशील तं तुह्या मुंगीपेक्षाही हळू.

अन् सकाळी, शके, सकाळी साऱ्या तांड्यातून आवाज येतेत. पाय खाली टेकला का एकेक जण "याडी वं!" म्हणून ओरडते अन् मंग माह्या नावानं शिव्या देते. धनीबाईच्या तं पार नळापर्यंत ऐकू जातेत. मी ओट्यावर बसून एकेकीचा आवाज ओळखतो. ही बोलली, ती बोलली. एखादीचा आला नाही तं काठी घेतो अन् तिच्या घरी पाहून येतो.

मानी